अम्मांच्या हातची रेघ

"ठिपके मोजू नको, वसू. ठिपके कुणीही मोजील. तू रेघ ध्यानात धर."

हे शब्द वसुमतीनं पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती सात वर्षांची होती. मार्गळी महिन्यातली पहाट, वडवार नदीकडून आलेलं धुकं, सडा घातलेल्या दारातली ओली माती. तिच्या हातात कंदील होता, आणि कंदिलाला एका बाजूनं फडकं लावलेलं होतं, उजेड रस्त्यावर जाऊ नये म्हणून. त्या अर्ध्या उजेडात अम्माचं तोंड दिसायचं नाही. दिसायचा फक्त हात, आणि हाताच्या चिमटीतून झरणारी तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ.

आणि आज, अठ्ठ्याण्णव सालच्या उकाड्यात, तंजावरच्या दक्षिण वीथीवरल्या मुक्ता सीड्सच्या माडीवर तोच आवाज पंख्याच्या घरघरीतून आला. वसुमतीच्या हातातली टाचणी खाली पडली.

"अक्का, पुन्हा?" रम्यानं संगणकावरून मान न वळवता विचारलं. "सकाळपासून किती सांडल्यात. चालताना पायात जाईल कुणाच्या."

"जाऊ दे. तू तुझं बघ."

वसुमती खाली वाकली, टाचणी उचलली, टाचणीच्या उशीत खोचली, पुन्हा उपसली. खुर्चीत बसली, उठली. खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर नारळ भरलेली गाडी उभी होती आणि तिच्यामागं बस कर्कश भोंगा वाजवत होती. तिला वाटलं, आपल्याही आत असंच काहीतरी अडून बसलंय आणि मागचं भोंगा वाजवतंय.

वसुमती या कचेरीची मुख्य कारकून. भाताच्या बियाण्यांची ही कंपनी. तिरुवैयारु, ओरत्तनाडु, मन्नारगुडी अशा तिच्या शाखा. आतापर्यंत पत्राचे कागद छापखान्यातून छापून यायचे, माथ्यावर कंपनीचं चिन्ह घेऊन. मग छापखाना मोडला, चिन्हाचा जस्ताचा ठसा कुठं गेला कुणालाच कळलं नाही, आणि शाखाशाखांत संगणक आले. मालक श्रीकर चेन्नईच्या एका सभेला जाऊन आला होता. तिथं परदेशी कंपन्यांच्या लोकांच्या हातात त्यानं पाहिलं, की लिफाफा घ्या, पत्र घ्या, लॉरीवरचं कापड घ्या, चिन्ह सगळीकडे तेच, तसूभर फरक नाही. परतल्यावर त्याला दुसरं काही सुचेना.

"वसक्का," तो म्हणाला होता, "आपलं चिन्ह संगणकात चढवायचं. प्रत्येक पत्राच्या फाइलीत ते आपोआप यायला हवं. कसल्या स्वरूपात ठेवायचं ते रम्या आणि तुम्ही ठरवा. गुरुवारी दुपारी बाराला गाडी शाखांकडे निघेल, तिच्यातून फ्लॉप्या जातील."

आज गुरुवार.

टेबलावर चार कागद पसरले होते. चारींवर तेच चिन्ह. एक कोलम, म्हणजे ठिपक्यांभोवती वेढे घेत जाणारी रांगोळी, आणि त्याच वेढ्यांतून मधोमध उमललेली भाताची लोंबी. सबंध एका रेघेची. निदान एके काळी ती एका रेघेची होती. जुन्या रबरी शिक्क्यावरून उतरवताना जिथं रेघेला रेघ भेटते तिथं शाई भरून काळे गोळे झाले होते.

"हं, आता ऐका," रम्या खुर्ची फिरवून म्हणाली. पोरगी बावीस वर्षांची, बोलायला लागली की कावेरीचा कालवा. "हा पहिला बीएमपी. यात मशीन काय करतं? चित्राचे ठिपके पाडतं आणि एकेक ठिपका लिहून ठेवतं. इथं काळा, इथं पांढरा, इथं पांढरा, इथं पांढरा. अय्यो, पांढराही लिहितं! म्हणून फाइल अशी सुजते, की एक पत्र घातलं की फ्लॉपी भरली."

"मग दुसरा."

"दुसरा जेपीजी. फोटोसाठी छान. माणसाचे गाल, आभाळ, सगळं मऊ मऊ. पण हे बघा." तिनं कागद उजेडात धरला. "रेघेच्या कडेला धूळ उडाल्यासारखं झालंय. कुणीतरी ओल्या कोलमवरून केरसुणी फिरवली असावी असं."

"आणि हा तिसरा?"

"जिफ. हलका, स्वच्छ. लिफाफ्यावर बरा दिसतो. पण मोठा केला की रेघेला पायऱ्या पडतात. हेही ठिपकेच ना शेवटी. आणि हा चौथा..." रम्यानं ओठ मुडपले. "डब्ल्यूएमएफ. हा ठिपके ठेवतच नाही, अक्का. रेघ कुठून निघाली, कुठं वळली, कुठं मिटली, तेवढंच ध्यानात ठेवतो. मग तुम्ही बोटाएवढं करा की देवळाच्या गोपुराएवढं, तो दर वेळी नव्यानं काढतो. फाइल एवढीशी. पत्राला हाच चांगला."

वसुमतीचा हात थांबला. ठिपके मोजू नको, रेघ ध्यानात धर.

"मग घाल की हा," ती म्हणाली.

"घालते, पण रेघ कुठाय? मशीनला सांगितलं, शिक्क्यावरून तूच काढ. त्यानं काय केलं बघा." चौथ्या कागदावर एका रेघेची तीन निरनिराळी कडी झाली होती, एकमेकांत अडकलेली, पण सुटी. "या काळ्या गोळ्यांत रेघ रेघेला ओलांडून जाते, की नुसती शिवून मागं वळते, ते मशीनला कसं कळणार? मलाही कळत नाही. ज्यानं काढलं त्यालाच ठाऊक. त्यानं वाट सांगितली तर मी हातानं काढीन."

वसुमती उठून पुन्हा खिडकीशी गेली. नारळाची गाडी हललेली नव्हती.

ज्यानं काढलं त्यालाच ठाऊक. आणि जिनं कंदील धरला तिलाही.

गोष्ट अशी होती. वसुमतीची आई कृष्णवेणी नवऱ्यामागं लेकीला घेऊन श्रीकरच्या वडिलांच्या, सीतारामरावांच्या घरी आली, ती लांबच्या नात्याच्या आधारानं. अंगावर विटकं आलवण, कपाळ रितं. मागचं स्वयंपाकघर तिचं झालं. पुढचं दार तिचं नव्हतं. सीतारामरावांची आई सोवळ्याओवळ्याची कडक, आणि विधवेच्या हातची रेघ दारात पडली की लक्ष्मी उंबऱ्यावरून पाठ फिरवते, हे त्या घरात वेदवाक्य होतं. पण कृष्णवेणीची बोटं ऐकत नसत. डाळ निवडताना ती ताटात कोलम काढायची, राखेत काढायची, ओल्या चुलखंडावर काढायची, आणि कुणी आलं की तळहातानं पुसायची.

त्या वर्षी मार्गळीत घरची सून नागलक्ष्मी गरोदर होती, पोटात श्रीकर. तिला वाकवत नव्हतं, आणि सासूला तर दारात रोज नवा कोलम हवा. मग दोघी बायकांनी स्वयंपाकघरात काहीतरी ठरवलं. काय बोलल्या ते वसुमतीला ठाऊक नाही. एवढं खरं, की दुसऱ्या पहाटेपासून अंधारात अम्मा कोलम काढायची आणि उजाडायच्या आत मागच्या दारानं आत जायची. मग नागलक्ष्मी पिठाची वाटी घेऊन पुढं यायची, शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून ते मधोमध ठेवायची.

एका सकाळी सीतारामराव नदीवरून आंघोळ करून परतले आणि दारात थबकले. वेढ्यावेढ्यांतून भाताची लोंबी वर आली होती. ते बियाण्यांची वखार काढायच्या खटपटीत होते.

"नागू, हे तू काढलंस?"

नागलक्ष्मी हसली. खोटं बोलायला शब्द लागतो. हसण्याला लागत नाही.

त्यांनी माणूस बोलावून नक्षी उतरवून घेतली, शिक्का केला, फलक रंगवला. वखारीची कंपनी झाली, सासू गेली, सीतारामराव गेले. चिन्ह राहिलं, आणि त्यामागची कथाही राहिली: अम्मांच्या हातची रेघ. श्रीकर नागलक्ष्मीला अम्मा म्हणायचा, म्हणून हमालापासून हिशेबनीसापर्यंत सगळी कचेरी तिला अम्माच म्हणू लागली. वसुमती तेवढी तोंडावर मामी म्हणायची.

आणि वसुमतीला त्या शब्दात आडोसा मिळाला. प्रदर्शनात कुणी विचारलं, बँकेचा साहेब आला, नवा विक्रेता आला, की चिन्हाकडे बोट दाखवून हमखास म्हणायचा, "वा, हे कुणी काढलं?" वसुमती सांगायची, "अम्मानं." त्यात खोटं काहीच नव्हतं. तिचीही अम्मा अम्माच होती. त्या एका शब्दाच्या वळचणीला ती इतकी वर्षं उभी होती, आणि अंगावर थेंब पडला नव्हता.

शेवटच्या दुखण्यात तिनं एकदा विचारलं होतं, "अम्मा, आता सांगूया का? आता कोण काय म्हणणार?"

कृष्णवेणी भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "रेघ दारात अहे नं? मग जालं. त्या घरचं अन्न खाल्लंय, वसू. तू बोलू नको."

मग कशाला आज हे टाचण्या सांडणं? कारण काल संध्याकाळी श्रीकरनं एक ओळ लिहून दिली होती. ती रम्यानं चिन्हाखाली तमिळमध्ये आणि इंग्रजीत बारीक अक्षरांत बसवली होती. आजवर तिथं नुसतं 'अम्मांच्या हातची रेघ' असायचं. आता लिहिलं होतं: 'श्रीमती नागलक्ष्मी सीतारामराव यांच्या हातची रेघ'. नाव आलं होतं. वळचण गेली होती. यापुढं प्रत्येक पत्र, प्रत्येक पावती, प्रत्येक लिफाफा हे नाव सांगणार होता. आणि त्या कागदांखाली सही करणारी वसुमती असणार होती.

"रम्या," ती खिडकीकडूनच म्हणाली, "जिफच घाल."

"अक्का?"

"पत्रावर एवढंसंच तर दिसायचं. पायऱ्या कोण बघतंय? जिफ घाल, फ्लॉप्या कर, मोकळी हो."

ठिपक्यांचं बरं असतं, तिच्या मनात आलं. ठिपक्यांना कुणी काढलं ते विचारावं लागत नाही. जसं दिसलं तसं उचललं. कुठून निघालं, कुणाच्या हातातून निघालं, कशाला कोण पुसतंय.

"काय जिफ?" दारातून श्रीकर आत आला. बेचाळिशीचा, पोट सुटलेला, पण चाल अजून कॉलेजातली. त्यानं चारही कागद उचलले, एक डोळा मिटून पाहिले. "वसक्का, हे काय, रेघेला जिना लावलाय? यावरून उंदीर चढतील. लॉरीवर केवढं करायचंय ठाऊक आहे नं?"

"पत्रासाठी पुरे, श्रीकर. लॉरीचं मागनं बघू."

"मागनं म्हणजे कधीच नाही. मी तुम्हांस ओळखत नाही होय?" तो हसला. "रम्या, त्या चौथ्याचं काय अडलं?"

रम्यानं सांगितलं. श्रीकरचा चेहरा एकदम उजळला.

"एवढंच? अरे, काढणारी तर अकराला येईलच कॉफीला. अम्माला विचारू की. ती सांगेल वाट, तू काढ. काय वसक्का?"

"त्यांना कशाला त्रास," वसुमती म्हणाली. "वय झालं. आता कुठं आठवायचं."

"अम्माला? तिला माझ्या बारशाला कुणी काय आहेर केला तेही आठवतं, आणि कुणी केला नाही तेही."

वसुमती 'आलेच' म्हणून जिना उतरून खाली गेली. का गेली ते तिलाही ठाऊक नव्हतं. खालच्या दारात उभी राहिली. पहाऱ्याचा भीमसेन उठून उभा राहिला, काय हवं म्हणाला. काही नको, बस, ती म्हणाली. उंबऱ्यापुढं फरशीवर कोलम होता, लाल-पांढरा, प्लॅस्टिकचा, बाजारातून आणून चिकटवलेला. एक कोपरा सुटून वर आला होता. तिनं चपलेनं तो दाबला. पाय काढल्यावर तो पुन्हा वर आला. पुन्हा दाबला. पुन्हा वर.

"डिंक लावतो, अम्मा," भीमसेन म्हणाला. तमिळ मुलुखात कुठल्याही बाईला अम्मा म्हणतात. वसुमतीला मात्र तो शब्द त्या क्षणी खड्यासारखा टोचला.

नागलक्ष्मी आली ती याच वेळी. गाडीतून काठी आधी उतरली, मग ती. पंचाहत्तरीतही कांजीवरमची घडी मोडलेली नाही, दोन्ही नाकपुड्यांत हिरे.

"काय ग वसू, दारात? मज घ्यायला आलीस, की पळून चाललीस?"

"वारा घ्यायला, मामी."

"वारा? या दिवसांत तंजावरात वारा? कुणी दिला तर मजही सांग."

दोघी जिना चढल्या. नागलक्ष्मी एकेका पायरीवर थांबत होती, आणि वसुमती प्रत्येक थांब्यावर काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडत होती आणि मिटत होती. जिना संपला.

वर कॉफी आली. नागलक्ष्मीनं पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी उंचावरून धार धरली, फेस आणला. श्रीकरनं चौथा कागद तिच्यापुढं ठेवला.

"अम्मा, ही रेघ कुठून सुरू केलीस?"

"कसली रेघ?"

"हीच की, आपली. रम्या संगणकावर नव्यानं काढणार. तिला वाट हवी. इथं या तीन गोळ्यांत रेघ ओलांडते, की मागं वळते?"

धार थांबली. नागलक्ष्मीनं पेला खाली ठेवला, चष्मा चढवला, कागद जवळ ओढला. बराच वेळ पाहिलं. रम्या बोटं कळफलकावर ठेवून तयार बसली होती.

नागलक्ष्मीचं बोट लोंबीच्या शेंड्यावर टेकलं. "इथून."

वसुमतीला खरी वाट ठाऊक होती. रेघ शेंड्यावरून सुरू होत नव्हती. ती खालून, उंबऱ्याच्या बाजूनं निघायची.

"मग?" श्रीकर म्हणाला.

"मग... अशी. नाही, अशी." बोट पहिल्या काळ्या गोळ्यापाशी आलं आणि थबकलं. डावीकडे गेलं, परत आलं. म्हातारीनं बोट उचललं आणि पदराला पुसलं, जणू त्याला शाई लागली होती. "संगणकात शेण सारवता येत नाही वाटतं. सारवल्याशिवाय हात चालायचा नाही माझा."

रम्या हसली, श्रीकर हसला. वसुमती हसली नाही. नागलक्ष्मीनं मान वर केली आणि चष्म्याच्या काठावरून थेट तिच्याकडे पाहिलं.

"वसूस विचारा," ती म्हणाली. "तिनं पाहिलंय."

पाहिलंय. वसुमतीला वाटलं, अरे, ही बाईसुद्धा माझ्यासारखीच एका शब्दाच्या वळचणीला उभी आहे. इतकी वर्षं शेजारीशेजारी उभ्या होतो की आम्ही, आणि एकमेकींकडे बघितलं नाही.

"वसक्का, तुम्हांस येतं?" श्रीकर चकित झाला. "मग सकाळपासून जिफ जिफ काय चाललंय?"

खाली शाखांकडे निघणाऱ्या गाडीवाल्यानं भोंगा दिला. रम्यानं घड्याळाकडे पाहिलं. तीन कडी झालेली ती रेघ पडद्यावर लुकलुकत होती. एकीच्या तीन. असंच जाऊ द्यावं? तोडलेलं, पण नीटनेटकं? कुणाला कळणार नव्हतं. नाहीतर ठिपके होतेच.

वसुमती रम्याच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. तिचं डोकं अजून नाही म्हणत होतं, आणि ओठ हलायला लागले होते. हे गाणं कुठल्या कागदावर नव्हतं. त्या तंजावरी मराठी घरात मराठी तोंडात होती आणि लिहिणाऱ्या हातात तमिळ. वसुमतीला देवनागरी कधी आलीच नाही. अम्मानं रेघ तिला ओवीत घालून दिली होती, अंधारात हात दिसला नाही तरी वाट चुकू नये म्हणून.

"खालून घे," ती रम्याला म्हणाली. "मधोमध, उंबऱ्याच्या बाजूनं." आणि हलक्या आवाजात गुणगुणली:

"उंबऱ्यापासुनि निघाली ग रेघ
वाऱ्याचा ग वेग धरू नये..."

"सावकाश घे, म्हणजे. हं. आता,

पहिल्या टिंबाला उजवा दे वेढा
दुसऱ्याचा ओढा डावीकडे..."

"उजवीकडून? अशी?" रम्याशी बोलणं तमिळमध्ये, पण ओवीतली मराठी तिला कळत नव्हती, म्हणून वसुमतीच्या हाताकडे बघून ती माउस फिरवत होती. पडद्यावर एक बारीक रेघ निघाली, पहिल्या ठिपक्याला वेढा घालून दुसऱ्याकडे झुकली. वसुमतीचा हात हवेत तिच्या पुढंपुढं चालला होता. चिमूट आपोआप मिटली होती.

रेघ पहिल्या काळ्या गोळ्याशी आली.

"इथं ओलांडायची?"

"नाही. शिवून मागं.

तिसऱ्याच्या दारी शिवून माघारी
ओलांडील पोरी रेघ तुटे..."

रम्यानं वळवली. दुसऱ्या गोळ्यातही वळवली, तिसऱ्यातही. तिन्ही ठिकाणी रेघ दारापर्यंत जात होती, शिवत होती, आणि मागच्या मागं वळत होती. वसुमतीनं हे शेकडो वेळा म्हटलं होतं. पण दारापर्यंत जाऊन मागं वळणारी ही कोण, ते तिला आज, या पडद्यावर, पहिल्यांदा दिसलं. ओवी पुढं चालली. वेढे वर चढत गेले, त्यांतून लोंबी उमलली, शेंड्यावरून रेघ दुसऱ्या अंगानं उतरली, एकेक ठिपक्याला कवळत खाली आली.

"फिरुनी फिरुनी उंबऱ्याशी आली..."

रेघेचं टोक सुरुवातीला मिळालं. रम्यानं बटण दाबलं आणि तिन्ही कडी पुसून टाकली. उरली ती एकच रेघ, सलग, कुठं तोडलेली नाही. तिनं ती मोठी केली, पडदाभर. पायरी नाही, धूळ नाही. मग टिकलीएवढी केली, तरीही तशीच.

"अय्यो, अक्का!" रम्या टाळी वाजवून म्हणाली. "फाइल बघा किती, चिमूटभर! नाव काय देऊ? अम्मा?"

ओवीचा उरलेला चरण वसुमतीच्या जिभेवर होता. कोणी ग काढिली, सांगू नये. अम्मानं शेवट तसाच बांधला होता, रेघेला गाठ मारावी तसा, आणि लहानपणापासून वसुमती तो म्हणत आली होती. आज तिनं तो गिळला.

"अम्मा असंच दे," श्रीकर म्हणाला. तो पडद्याजवळ वाकून बघत होता, लहान मुलासारखा. "काय रेघ आहे! आणि ही ओवी कधी ऐकलीच नाही मी. वसक्का, कुणाकडून शिकलात?"

"अम्माकडून."

शब्द सवयीनं आला आणि बाहेर पडताच तिला कळलं, की हा शेवटचा आडोसा आहे. श्रीकरनं वळून नागलक्ष्मीकडे पाहिलं, कौतुकानं. "अम्मा, मज कधी म्हणून दाखवली नाहीस ती? वसक्कास शिकवलीस आणि मज नाही? बघ, लेकापेक्षा..."

नागलक्ष्मीची कॉफी निवली होती, फेस बसला होता. दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते, आणि ती पडद्याकडे नव्हे, वसुमतीकडे बघत होती. त्या बघण्यात 'नको' होतं, की 'सांग' होतं? वसुमतीनं ते वाचायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला. दुसऱ्याच्या डोळ्यांत परवानगी शोधायची सवय किती जुनी असते.

पडद्यावर चिन्हाखालची ओळ होती, नावासकट. रम्याचं बोट बटणावर होतं.

"थांब, रम्या," वसुमती म्हणाली. "आत्ता ठेवू नको. ती खालची ओळ चुकली अहे."

"चुकली?" श्रीकर वाकून वाचायला लागला. "कुठं? नावाचं इंग्रजी चुकलं का?"

"नाव चुकलं, श्रीकर."

पंख्याखाली टेबलावरचे ठिपक्यांचे तीन कागद फडफडले. कुणी त्यांच्यावर हात ठेवला नाही.

"अम्माकडून शिकले म्हटलं नं मी," वसुमती म्हणाली. आता ती खिडकीकडे गेली नाही. "तुझ्या नव्हे. माझ्या अम्माकडून. कृष्णवेणीकडून. ही रेघ तिची अहे. मामी तेव्हा अवघडलेल्या होत्या, तू पोटात होतास, आणि अम्मा अंधारात यायची, कुणास कळू नये म्हणून. कंदील मी धरला होता. विधवा होती नं ती, श्रीकर. दारात तिची रेघ चालायची नाही."

तिनं श्वास घेतला.

"आणि हे दार तिच्याच रेघेवर उभं अहे."